रिकाम्या निघालेल्या दीर्घिकाही मोजा

कृष्णविवरांची वजनं एका ओळीत मांडली तर मधला पट्टा जवळजवळ कोरा दिसतो. एका टोकाला मेलेल्या ताऱ्यांपासून झालेली विवरं आहेत, सूर्याच्या काही पटींपासून शंभरेक पटींपर्यंत. दुसऱ्या टोकाला दीर्घिकांच्या केंद्रांतली महाकाय विवरं, सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं विवर सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं टिपून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी हे वजन पक्कं केलं, आणि त्याबद्दल दोघांना २०२० साली नोबेल मिळालं. या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे शंभर सूर्यांपासून लाखभर सूर्यांपर्यंत, खात्रीने नाव घ्यावं अशी विवरं फारच थोडी. २१ मे २०१९ रोजी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींनी सुमारे १४२ सूर्यांचं एक विवर जन्मताना दाखवलं, तेव्हा या पट्ट्याच्या खालच्या काठावर पहिली ठळक खूण उमटली. बाकीच्या बहुतेक नावांपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

हा पट्टा भरायची खरी संधी आता येते आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, सेरो आर्माझोनेस या तीन हजार मीटरहून उंच डोंगरावर, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप, म्हणजे ईएलटी, उभी राहते आहे. तिचा मुख्य आरसा ३९ मीटर व्यासाचा, ७९८ षटकोनी तुकड्यांचा. चिलीतच लास कँपानासवर सात आरशांची, सुमारे २५ मीटर व्यासाची जायंट मॅगेलन दुर्बीण आकार घेते आहे. उत्तर गोलार्धासाठी, हवाईतल्या मौना केआ डोंगरावर आखलेली थर्टी मीटर टेलिस्कोप मात्र जागेच्या आणि पैशाच्या प्रश्नांत अडकून आहे. एकट्या ईएलटीचा खर्च दीड अब्ज युरोंच्या घरात जातो आणि तो करदात्यांच्या पैशातून होतो. म्हणून तिच्या रात्री कशासाठी वापरायच्या, हा प्रश्न बंद खोलीत बसणाऱ्या वेळवाटप समितीपुरता राहू नये.

माझं म्हणणं असं. या रात्रींचा एक ठरावीक वाटा जवळच्या बटू दीर्घिकांच्या शिरगणतीसाठी राखून ठेवावा. यादी आधी जाहीर करायची. यादीतली प्रत्येक दीर्घिका मोजायची, मग ती कितीही निस्तेज दिसो. आणि जिच्यात कृष्णविवर सापडणार नाही तिचाही निकाल तेवढ्याच तपशिलाने छापायचा. आजची पद्धत याच्या बरोबर उलट आहे. जिथे काही तरी हाती लागेल अशी आशा दाखवता येते तिथेच वेळ मिळतो.

बटू दीर्घिकांवर एवढा भर देण्याचं कारण कृष्णविवरांच्या जन्माच्या प्रश्नात आहे. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेला जे०३१३-१८०६ हा क्वेसार, म्हणजे वायू गिळणाऱ्या विवरामुळे झळाळणारं दीर्घिकेचं केंद्र, घ्या. विश्वाचं वय अवघं ६७ कोटी वर्षं असताना त्याच्या पोटात १.६ अब्ज सूर्यांचं कृष्णविवर होतं. एवढ्या थोड्या काळात एवढं वाढायला सुरुवात कशापासून झाली असेल? एक उत्तर म्हणजे पहिल्या पिढीच्या ताऱ्यांचे अवशेष, शंभरेक सूर्यांची हलकी बीजं. दुसरं, दाटीवाटीच्या तारकागुच्छांत तारे एकमेकांवर आदळत जाऊन झालेली हजारो सूर्यांची बीजं. तिसरं, वायूचा अख्खा ढग तारे न बनवता थेट कोसळून झालेली दहा हजार ते लाख सूर्यांची जड बीजं. या तिसऱ्या मार्गाला फार विशेष परिस्थिती लागते. वायूत जड मूलद्रव्यं नकोत, आणि शेजारून इतका तीव्र अतिनील प्रकाश यायला हवा की हायड्रोजनचे रेणू टिकूच नयेत. नाहीतर ढग थंड होऊन त्याचे तुकडे पडतात आणि साधे तारे जन्मतात. त्यामुळे हलकी बीजं जवळपास सगळीकडे पडली असतील, जड बीजं मोजक्याच ठिकाणी.

मोठ्या दीर्घिकांना हे विचारून उपयोग नाही. त्यांनी इतर दीर्घिका गिळल्या, त्यांच्या विवरांनी वायू गिळला, विवरं एकमेकांत मिसळली, आणि बीज शंभर सूर्यांचं होतं की लाख सूर्यांचं याचा मागमूस उरला नाही. बटू दीर्घिकांचं आयुष्य त्या मानाने शांत गेलं. त्यांच्यातलं विवर जन्माच्या वजनापासून फार दूर गेलेलं नसण्याची शक्यता अधिक. अगदी हललंच नसेल असं कोणी म्हणणार नाही, आणि दोन विवरांच्या विलीनीकरणानंतर बसलेल्या धक्क्याने काही विवरं केंद्राबाहेर भिरकावलीही गेली असतील. तरी जुन्या नोंदी शोधायच्या तर याहून बरी जागा आपल्या आसपास नाही. आणि त्या नोंदी दोन आकड्यांत आहेत: शंभर बटू दीर्घिकांपैकी कितींमध्ये केंद्रीय कृष्णविवर आहे, आणि ती विवरं किती जड आहेत. हलकी बीजं जिंकली असतील तर बहुतेक ठिकाणी विवर सापडेल आणि त्यातली काही अगदी लहान असतील. जड बीजं जिंकली असतील तर पुष्कळ दीर्घिका रिकाम्या निघतील, आणि सापडलेल्या विवरांना खालून एक मर्यादा दिसेल. म्हणजे रिकामी दीर्घिका हीसुद्धा उत्तराचाच भाग आहे. पुढचा माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

आजवरची मोजणी कशी झाली ते पाहू. २०२५ मध्ये दीर्घिकांचे वर्णपट मोठ्या संख्येने टिपणाऱ्या डेसी सर्वेक्षणाच्या गटाने सुमारे १ लाख १५ हजार बटू दीर्घिकांचे वर्णपट तपासले आणि त्यांतल्या सुमारे २,५०० दीर्घिकांत वायू गिळणाऱ्या कृष्णविवराच्या खुणा शोधल्या. काम प्रचंड मोलाचं आहे, पण हे प्रमाण साधारण २ टक्के भरतं, आणि ते जेवत असलेल्या विवरांचं आहे. रात्री ज्या घरांत दिवा दिसतो तेवढीच घरं मोजून गावाची लोकसंख्या ठरवावी, तसा हा प्रकार होतो. चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या दोन दशकांहून अधिक काळातल्या नोंदींवरून १,६०० हून जास्त दीर्घिकांचा अभ्यास नुकताच झाला. त्याचा निष्कर्ष असा की मोठ्या दीर्घिकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक दीर्घिकांत कृष्णविवर असावं, लहान दीर्घिकांत मात्र ३० टक्क्यांच्या आसपासच. या अभ्यासात मंद विवरं नजरेतून निसटण्याची शक्यता हिशेबात घेतली आहे. पण ती घेताना लहान विवरं किती आणि कशी खातात याबद्दल काही गृहीत धरावंच लागतं.

आता दुसरी बाजू. ताऱ्यांच्या आणि वायूच्या गतीवरून वजन काढण्याची पद्धत विवर जेवतंय की झोपलंय याकडे पाहत नाही. ते तिथे असेल तर त्याचं गुरुत्व आजूबाजूच्या ताऱ्यांना पळवतंच. या पद्धतीने सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या पाच लहान दीर्घिका तपासल्या गेल्या: एम३२, एनजीसी २०५, एनजीसी ४०४, एनजीसी ५१०२ आणि एनजीसी ५२०६. पाचही ठिकाणी विवराची चिन्हं मिळाली. क्ष-किरणांचं उत्तर तीसेक टक्के आणि ताऱ्यांच्या गतींचं उत्तर पाचपैकी पाच!

हा फरक दिसतो तेवढा मोठा नाही, आणि पाचचा आकडा दिसतो तेवढा भक्कम नाही. खरं प्रमाण ५५ टक्के असतं तरी पाचही जागी विवर सापडण्याची शक्यता विसात एक उरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या पाचही दीर्घिका एका जातीच्या आहेत: लंबवर्तुळाकार किंवा मसूराकार, जुन्या ताऱ्यांच्या. सर्पिल जातीची, त्यांच्याच वजनगटातली एम३३ या यादीत नाही. ती असती तर आकडा पाचपैकी पाच राहिलाच नसता.

त्रिकोण तारकासमूहातल्या या एम३३ विषयी थोडं थांबून लिहायला हवं. ती आपल्यापासून २७-२८ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या केंद्रात ताऱ्यांचा एक घट्ट, तेजस्वी गुच्छ आहे आणि कृष्णविवर असायला तीच जागा सगळ्यात योग्य. २००१ साली हबलच्या निरीक्षणांवरून तिथल्या ताऱ्यांच्या गती मोजल्या गेल्या. निष्कर्ष: विवर असलंच तर ते फार तर १,५०० सूर्यांचं. त्याच सुमारास दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे काढलेली मर्यादा ३,००० सूर्यांची होती. म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका, मधोमध घट्ट गुच्छ, आणि महाकाय विवराचा पत्ता नाही. माझ्या मते या क्षेत्रातल्या सगळ्यात बोलक्या मोजमापांपैकी हे एक आहे. दीर्घिका असली की तिच्या केंद्रात मोठं कृष्णविवर असणारच, ही समजूत त्याने मोडली. लाख सूर्यांचं जड बीज एम३३ च्या केंद्रात कधी पडलं असतं आणि तिथेच राहिलं असतं तर ते लपून राहिलंच नसतं.

आता कल्पना करा की तेव्हा हा प्रस्ताव ‘इथे काही सापडण्याची शक्यता कमी’ म्हणून मागे ठेवला गेला असता. विवर सापडलेल्या दीर्घिकांची यादी जशी आहे तशीच वाढत राहिली असती, आणि कुठल्याच आलेखात शून्याजवळचा हा बिंदू दिसला नसता. किती एम३३ अशा मागे राहिल्या असतील हे आपल्याला कळणार नाही, कारण न झालेल्या निरीक्षणांची नोंद कोणी ठेवत नाही. निवड आशेवर चालली की प्रमाणाचा आकडा फुगतो. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नसतो. प्रत्येक समिती आपापल्या जागी शहाणपणानेच वागते, आणि तरी एकूण चित्र वाकडं होतं.

वजनाकडे वळू. इथे अडचण आकाराची आहे. विवराचं गुरुत्व केंद्रापासून ठरावीक अंतरापर्यंतच वरचढ असतं. त्यापलीकडे आजूबाजूच्या ताऱ्यांचं एकत्रित गुरुत्व त्याला झाकून टाकतं. लाख सूर्यांचं विवर आणि भोवतालच्या ताऱ्यांच्या गतींमधली तफावत सेकंदाला ३० किलोमीटर असेल, तर हा प्रभावाचा घेर सुमारे दीड प्रकाशवर्षाचा भरतो. एक कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरून तो आकाशात ०.०३ विकलेहूनही लहान दिसतो. एका अंशाच्या ३,६०० व्या भागाला विकला म्हणतात, हे लक्षात घेतलं की त्याचा बारीकपणा कळतो. हबल आणि जेम्स वेब या कामासाठी लागणाऱ्या रंगांत साधारण ०.०७ ते ०.१ विकलेपर्यंतच तपशील सुटा करून दाखवतात. प्रभावाचा सगळा घेर त्यांच्या एका ठिपक्यात बुडून जातो. ईएलटी २.३ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात ०.०१२ ते ०.०१५ विकलेपर्यंत जाऊ शकेल. कार्बन मोनॉक्साइडच्या शोषणपट्ट्या याच ठिकाणी असतात आणि जुन्या ताऱ्यांच्या गती त्यांच्यावरून मोजता येतात. हवेची थरथर भरून काढायला तिचा चौथा आरसा पाच हजारांहून अधिक टेकूंनी सेकंदाला हजार वेळांपर्यंत आपला आकार बदलणार आहे. प्रतिमेच्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट देणारं हार्मोनी आणि अतिशय धारदार छायाचित्रं घेणारं मिकाडो ही तिची दोन उपकरणं या कामासाठी जणू मापाने शिवलेली आहेत. कृत्रिम निरीक्षणं संगणकावर तयार करून झालेल्या अभ्यासांतून दिसतं की जवळच्या, केंद्रात तारकागुच्छ असलेल्या दीर्घिकांत अशी विवरं मोजणं तिच्या आवाक्यात येईल.

आज ही मोजणी किती डळमळीत आहे हे दाखवायला शामशबल तारकासमूहातली एनजीसी ४३९५ पुरेशी आहे. सुमारे १.४ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेत १९८९ साली सक्रिय केंद्रक, म्हणजे वायू गिळणाऱ्या विवरामुळे उजळलेलं केंद्र, सापडलं. विवर आहे याबद्दल आज शंका नाही. वजन? २००५ साली केंद्राच्या प्रकाशातल्या चढउतारांचा प्रतिध्वनी भोवतालच्या वायूत किती वेळाने उमटतो हे मोजून आकडा आला सुमारे ३ लाख ६० हजार सूर्य. २०१५ मध्ये वायूच्या गतीवरून आला सुमारे ४ लाख. मग २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने पुन्हा प्रतिध्वनीच मोजला, या वेळी हायड्रोजनच्या एका रेषेत. उशीर निघाला ८० मिनिटांच्या आसपास, म्हणजे सूर्यापासून शनीपर्यंत जायला प्रकाशाला लागतो जवळपास तेवढा. त्यावरून वजन आलं सुमारे १० हजार सूर्य. चार लाख आणि दहा हजार यांच्यात चाळीसपट अंतर आहे. बीजांच्या भाषेत बोलायचं तर पहिला आकडा थेट कोसळलेल्या ढगाकडे बोट दाखवतो आणि दुसरा तारकागुच्छातल्या टकरींकडे. एकाच विवराचं वजन दोन वेगळे जन्म सुचवतं तोवर शेकडो दूरच्या विवरांचे आकडे जमवून निष्कर्ष काढण्यात धोका आहे, कारण ते आकडे याच प्रतिध्वनी पद्धतीच्या मोजपट्टीवर बेतलेले असतात. जवळच्या दहा-बारा दीर्घिकांत ताऱ्यांच्या गतीवरून पक्कं वजन मिळालं तर ती मोजपट्टी तरी ताडून पाहता येईल.

अपुऱ्या धारेचा, म्हणजे बारीक तपशील सुटे न दिसण्याचा, फटका दोन्ही दिशांनी बसतो. एनजीसी ४०४ मध्ये २०१७ साली ताऱ्यांच्या गतीवरून वरची मर्यादा निघाली दीड लाख सूर्यांची. २०२० मध्ये अल्मा या रेडिओ दुर्बीणसमूहाने थंड वायूची गती मोजली आणि उत्तर आलं साडेपाच लाख. सिंह राशीतल्या लिओ-१ या अगदी लहान दीर्घिकेत २०२१ साली तीसेक लाख सूर्यांच्या विवराचा दावा झाला, म्हणजे जवळपास आकाशगंगेच्या विवराएवढं विवर एका फिकट ठिपक्यात. नंतरच्या दुसऱ्या विश्लेषणाला एवढ्या मोठ्या विवराची गरज दिसली नाही. एनजीसी २०५ ची गोष्ट उलटी: तिथे आधी नुसत्या वरच्या मर्यादा होत्या, हजारो सूर्यांच्या घरातल्या, आणि २०१९ मध्ये सुमारे ७ हजार सूर्यांच्या विवराची खूण मिळाली. आज ‘नाही’ असलेलं उद्या ‘आहे’ होऊ शकतं. पण त्यासाठी आजचं ‘नाही’ नीट नोंदलेलं असावं लागतं.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. धार वाढली तरी केंद्रातलं काळं वस्तुमान एकच विवर आहे, की मेलेल्या ताऱ्यांच्या लहान लहान अवशेषांचा थवा, हे ठरवणार कसं? जड अवशेष काळाच्या ओघात गुच्छाच्या मध्याकडे बुडत जातात आणि तिथे गर्दी करतात. दुरून दोन्ही सारखेच दिसतात. ओमेगा सेंटॉरीचा वाद नेमका हाच आहे. सुमारे १८ हजार प्रकाशवर्षांवरचा हा तारकागुच्छ म्हणजे आकाशगंगेने गिळलेल्या एका बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा असं मानलं जातं. जुलै २०२४ मध्ये हबलच्या वीस वर्षांतल्या पाचशेहून अधिक छायाचित्रांवरून १४ लाख ताऱ्यांच्या गती काढल्या गेल्या, आणि केंद्राजवळचे सात तारे गुच्छातून निसटून जावेत इतक्या वेगाने पळताना दिसले. ते तिथे टिकून आहेत त्याअर्थी मध्ये किमान ८,२०० सूर्यांचं काही तरी आहे. पण पल्सार, म्हणजे नियमित ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणाऱ्या मेलेल्या ताऱ्यांचे ठोके वापरून केलेल्या दुसऱ्या विश्लेषणाचा कल पसरलेल्या अवशेषांच्या थव्याकडे आहे.

मला या आक्षेपातूनच मोठ्या दुर्बिणीची गरज अधिक ठळक होताना दिसते. एकच विवर असेल तर केंद्राकडे जाताना ताऱ्यांचा वेग शेवटपर्यंत चढत जातो. थवा असेल तर थव्याच्या काठाच्या आत शिरल्यावर तो चढ थांबतो. फरक शेवटच्या काही शतांश विकलांत आहे आणि तिथे पोहोचायला ३९ मीटरच लागतात. सगळ्याच ठिकाणी निकाल लागेल असं नाही. काही दीर्घिकांपुढे ‘विवर किंवा थवा’ असंच लिहावं लागेल. तसं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

दूरच्या विश्वाकडे पाहणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे. जेम्स वेब विश्वाच्या पहिल्या पन्नासेक कोटी वर्षांतली विवरं प्रत्यक्ष दाखवत असताना शेजारच्या मरगळलेल्या दीर्घिकांत रात्री का घालवायच्या, असं ते विचारतात. जीएन-झेड११ मध्ये महास्फोटानंतर सुमारे ४३ कोटी वर्षांनी सोळा लाख सूर्यांचं विवर असल्याचं वेबच्या वर्णपटांवरून मांडलं गेलं, ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण ते वजन वायूच्या रेषांच्या रुंदीवरून काढलं आहे आणि ती पट्टी जवळच्या दीर्घिकांत आखलेली आहे. एनजीसी ४३९५ मध्ये ती चाळीसपट घसरते तर तिथे ती किती विश्वासाची? शिवाय वेबला दिसतात ती त्या काळातली सगळ्यात तेजस्वी, सगळ्यात लवकर वाढलेली विवरं. न वाढलेल्यांची खबर तिथून येणार नाही.

लिसा या अवकाशातल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेबद्दल मला वाद घालायचा नाही. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली आणि प्रक्षेपण २०३५ मध्ये ठरलं आहे. हजारो ते लाखो सूर्यांच्या विवरांचं मीलन ती फार दूरवरून ऐकू शकेल. पण ती ऐकणार फक्त मिसळणारी जोडपी. ती किती वारंवार ऐकू यावीत याचं भाकीत किती बटू दीर्घिकांत विवर आहे यावरच अवलंबून आहे. लिसा उडण्याआधी हे प्रमाण मोजून ठेवलं तर तिचा पहिला आकडा येईल तेव्हा तो कशाशी ताडायचा हे आधीच ठरलेलं असेल. नंतर मोजलं तर भाकीत निकालाकडे बघून जुळवलं, असा संशय कायमचा राहील.

किती दीर्घिका पुरेशा? पाचऐवजी चाळीस घेतल्या आणि खरं प्रमाण निम्म्याच्या आसपास असलं तर त्रुटी आठ टक्क्यांच्या जवळ येते. तीस टक्के आणि शंभर टक्के यांच्यातला वाद तेवढ्यात मिटतो. आपल्यापासून तीनेक कोटी प्रकाशवर्षांच्या आत केंद्रीय तारकागुच्छ असलेल्या लहान दीर्घिका काही डझन आहेत, म्हणजे ही संख्या आवाक्यातली आहे. आणि अशी शिरगणती फळते याचा दाखला आहे. अ‍ॅटलास-थ्रीडी या प्रकल्पाने अंतराची मर्यादा आधी ठरवून तिच्या आतल्या २६० लंबवर्तुळाकार आणि मसूराकार दीर्घिका एकही न गाळता पाहिल्या. त्यांतल्या सुमारे ८६ टक्के दीर्घिका व्यवस्थित फिरणाऱ्या निघाल्या. अशा दीर्घिका साच्यातून काढल्यासारख्या, न फिरणाऱ्या असतात हे जुनं चित्र आवडीचे नमुने निवडून कधीच मोडलं नसतं.

आता ज्या मुद्द्यावर खगोलशास्त्रज्ञांना बोलणं अवघड जातं त्याकडे येतो. लाख सूर्यांचं विवर कोटभर प्रकाशवर्षांवरही मोजता येईल, पण दहा हजार सूर्यांच्या विवराचा प्रभावाचा घेर, ताऱ्यांच्या गतींमधली तफावत सेकंदाला वीसच किलोमीटर धरली तरी, जेमतेम तृतीयांश प्रकाशवर्षाचा असतो. तो एम३३ एवढ्या अंतरावरच ईएलटीच्या धारेत बसतो. एक कोटी प्रकाशवर्षांवर तिलाही तो सुटा दिसणार नाही. म्हणजे सगळ्यात हलकी, सगळ्यात महत्त्वाची विवरं शोधायची तर आपल्या स्थानिक समूहातच, म्हणजे आकाशगंगेच्या अगदी शेजारच्या दीर्घिकांतच, शोधावी लागतील. आणि तिथल्या योग्य दीर्घिका, एम३३, एनजीसी २०५, एम३२, या सगळ्या देवयानी या शेजारच्या मोठ्या दीर्घिकेच्या परिसरात, उत्तरेच्या आकाशात आहेत. आर्माझोनेसवरून एनजीसी २०५ क्षितिजापासून कधीही २४ अंशांहून वर येत नाही. एम३३ जास्तीत जास्त ३५ अंश. एवढ्या तिरप्या कोनात हवेचा जाड थर आडवा येतो आणि आरशाने थरथर भरून काढण्याची ताकद तिथेच सगळ्यात कमी पडते. एनजीसी ४०४ आणि एनजीसी ४३९५ चीही तीच स्थिती.

म्हणून उत्तरेत एक अशी दुर्बीण हवीच, असं मला ठामपणे वाटतं. ती मौना केआवरच हवी असं मात्र मला वाटत नाही. तो डोंगर हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र आहे. २०१५ आणि पुन्हा २०१९ मध्ये त्यांनी रस्ता अडवला, २०१९ मध्ये रस्त्यात बसलेल्या वृद्धांना अटक झाली. ज्या मोजमापाला पंधरा-वीस वर्षं लोकांचा विश्वास लागणार आहे त्याची सुरुवात अशा अटकांनी व्हायला नको. कॅनरी बेटांतल्या ला पाल्मावरून एम३३ जवळजवळ डोक्यावर येते, एनजीसी २०५ डोक्यापासून तेराच अंशांवर. ती जागा मौना केआपेक्षा उंचीने कमी आहे, अवरक्त प्रकाशात थोडं नुकसान होईल, हे खरं. पण २०२५ च्या जुलैत स्पेनने तिथे थर्टी मीटर टेलिस्कोप उभारायला ४० कोटी युरोंची तयारी दाखवली आहे. अमेरिका, जपान, कॅनडा आणि भारत या भागीदारांनी तिच्याकडे पाठ फिरवली तर आकाशाच्या ज्या भागात हा प्रश्न सुटायचा आहे तोच भाग मोठ्या दुर्बिणीविना राहील.

तोवर दक्षिणेत सुरुवात करायला काहीच हरकत नाही. शिल्पकार तारकासमूहाच्या दिशेचा जवळचा समूह चिलीतून उंचावर येतो. त्यात एनजीसी ३००, एनजीसी २४७, एनजीसी ७७९३ अशा सर्पिल, फुगवटा नसलेल्या दीर्घिका आहेत, एम३३ च्या नात्यातल्या. अशाच नऊ दीर्घिकांसाठी २०१२ साली युरोपच्या ८ मीटरच्या दुर्बिणीवरून नुसत्या वरच्या मर्यादा काढल्या गेल्या होत्या. तिथून पुढे कोणी फारसं गेलेलं नाही, कारण मर्यादा आणखी खाली आणण्यासाठी वेळ मागणाऱ्या प्रस्तावाला सहसा बातमीमूल्य नसतं. एनजीसी ५१०२ आणि एनजीसी ५२०६ ही विवर असलेल्या बाजूची उदाहरणंही तिथूनच दिसतात. दोन्ही जाती एकाच उपकरणाने, एकाच पद्धतीने मोजल्या तर सर्पिल दीर्घिका खरोखर जास्त रिकाम्या असतात का, हे पहिल्या काही हंगामांतच कळू लागेल.

या सगळ्याचे नियम ईएलटीवर पहिला प्रकाश पडण्याआधी, म्हणजे तिने पहिल्यांदा आकाशाकडे पाहण्याआधी, लिहिले जाणार आहेत. कोणत्या कामाला किती टक्के वेळ, मोठ्या प्रकल्पांची निवड कशी, डेटा किती दिवसांनी सगळ्यांना खुला, हे सगळं आत्ताच ठरतं आहे. त्यात दोन ओळी असाव्यात. एक, ठरलेल्या यादीतली दीर्घिका आधीच्या निकालांकडे बघून गाळता येणार नाही. दोन, विवर न सापडलेल्या प्रत्येक दीर्घिकेसाठी वरची मर्यादा, त्या रात्री प्रतिमेला प्रत्यक्षात मिळालेली धार, ताऱ्यांच्या वस्तुमानाबद्दल धरलेली गृहीतकं आणि मूळ वर्णपट इतके तपशीलवार जाहीर व्हावेत, की वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला नव्या पद्धतीने तोच हिशेब पुन्हा मांडता यावा.